नाथाजीला न भ्यालेली म्हैस

नाथाजी ओढ्यावर आला की म्हशी ओढा सोडायच्या. टाकवाडीत त्या उन्हाळ्यात हे रोज घडत होतं. तो दातण चावत यायचा, खांद्यावर नुसता पंचा असायचा, मनात वाईट काही नसायचं. पण डोळे मिटून पाण्यात पडलेल्या म्हशी नाकपुड्या फेंदारायच्या, उठायच्या आणि चिखल उडवत पलीकडच्या काठाला लागायच्या. मग वरच्या काठावरून म्हशीवाल्या हरणाबाईचा आवाज यायचा.

"नाथा, मुडद्या, जरा लांबनं जा की रं! तुझं थोबाड दिसलं की माझी थोरली पान्हा चोरती."

"मी काय केलं, मावशी? तोंड धुतोय."

"घरी धू. न्हाईतर धूच नको."

नाथाजी तोंड न धुता परत फिरायचा.

याचं कारण साधं होतं. गावात म्हशी टोचायचं काम निघालं होतं आणि डॉक्टर टोचताना म्हैस धरायची ती नाथाजीनं.

आदल्या पावसाळ्यात घटसर्पानं गावाची दशा केली होती. सकाळी चरायला सोडलेलं जनावर दिवेलागणीला गळा सुजून घरघरत आडवं पडायचं. बाळासो पाटलांच्या गोठ्यातली निम्मी दावी रिकामी झाली. टाकवाडीचं पोट दुधावर. पहाटे म्हशी हाकत मिरजेला न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या करायच्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. दुधात पाणी घातलं का, हा प्रश्नच नाही. अशा गावात म्हैस गेली म्हणजे दुकान, माल आणि गिऱ्हाईक सगळं एका दिवसात गेलं. म्हणून यंदा वैशाखातच मिरजेहून केळुसकर डॉक्टर औषधाच्या बाटल्या घेऊन आले. माणूस कोकणातला, तरुण, मनानं चांगला. सुई टोचण्यात हात हलका. पण म्हैस स्थिर उभी असेल तरच, आणि म्हैस स्थिर उभी करणं हे त्यांच्या शिक्षणात नसावं. पहिल्याच दिवशी पाटलांच्या म्हशीनं त्यांना शेणाच्या खड्ड्याची खोली दाखवली.

तेव्हा नाथाजी पुढं झाला. तो लढाईत खेचरांच्या पलटणीत होता. इटलीच्या डोंगरात दारूगोळ्यानं लादलेलं खेचर कड्यावरून चालवायचं, आणि ते बिथरलं तर माणसासकट खाली जायचं नाही, एवढं त्याला पक्कं येत होतं. धरणं ही कला आहे. लोकांना वाटतं, दंडात जोर असला की झालं. दंडातला जोर म्हैस केव्हाच संपवते. दोर शिंगांच्या बुडाशी घ्यायचा, टोकाशी नाही. लिंबाच्या बुंध्याला एकच फेरा द्यायचा, म्हणजे सोडायचा झाला तर क्षणात सुटतो. मग बगलेला उभं राहायचं, पाय रोवून, आणि दोन बोटं नाकपुड्यांत घालून मधला पडदा चिमटीत धरायचा. जितका लागेल तितकाच. एक गुंजभरसुद्धा जास्त दाबायचं नाही. आणि सगळा वेळ जनावराशी बोलत राहायचं. नाथाजी पलटणीतल्या हिंदीत बोलायचा. "ठैरो बेटा, ठैरो. आराम से." टाकवाडीच्या म्हशींना हिंदी कळत नव्हती, पण त्या ऐकून घ्यायच्या.

ऐकून घ्यायच्या आणि लक्षात ठेवायच्या. सुई डॉक्टरांची, पण सुई मानेच्या कातडीखाली कुठंतरी मागं बसायची. डोळ्यांपुढं असायचा नाथाजी. त्यामुळं सगळा हिशेब त्याच्या नावावर जमा झाला. आठवड्याभरात अर्ध्या गावाच्या म्हशी त्याच्या वाऱ्याला उभ्या राहीनात.

एक सोडून. ती त्याची स्वतःची, चंद्री.

चंद्रीची गोष्ट वेगळी होती. नाथाजी लढाईवर गेला तेव्हा ती जन्मली नव्हती. अंबूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तिला आईमागं भाताची पेज पाजून वाढवलं. लढाई संपून नाथाजी घरी आला तेव्हा कुत्रं अंगावर धावलं, धाकटी पोर उतरंडीमागं लपली आणि अंबूबाईनंसुद्धा पदर सावरत आधी "कोन पायजे?" असं विचारलं होतं. उन्हात रापून, मिशा वाढवून तो परका दिसतच होता. तेवढ्यात गोठ्यातून ही न पाहिलेली म्हैस मान लांबवून पुढं आली आणि तिनं त्याचा घामट हात कोपरापर्यंत चाटला. अंबूबाई म्हणायची, "मिठासाठी चाटला." असेल. पण त्या दिवशी त्या घरात नाथाजीला कुणी ओळख दाखवली असेल तर ती चंद्रीनं. हे तो विसरला नाही.

म्हणून गावच्या म्हशी धरता धरता स्वतःच्या दारापाशी आला की तो पुढच्या घराकडं वळायचा. आज चंद्री नुकतीच रवंथ करायला बसलीय. उद्या ऊन फार. परवा बुधवार. टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होतं, हेही होतंच. पण खरं कारण त्याला ठाऊक होतं. ती दोन बोटं चंद्रीच्या नाकात घातली की उद्यापासून तीही इतरांसारखी तोंड फिरवून जाईल. पन्नास म्हशींनी पाठ फिरवली तर माणूस सोसतो. एकीनं फिरवली तर?

तशात अंबूबाईनं विचारलं, "आवं, आपली टोचली का?"

"टोचली की."

"कवा?"

"तू मिरजंला गेलीस तवा."

आता टोचलेल्या म्हशीला खूण होती. डॉक्टर टोचून झालं की तिचं डावं शिंग लाल रंगवायचे. कागदावर लिहून उपयोग नव्हता. काळी म्हैस म्हणून किती काळ्या म्हशी लिहिणार? रंग आणायला त्यांनी नाथाजीलाच बाजारात धाडलं होतं आणि नाथाजीनं हुरमुंज आणला होता. त्यातला थोडा उरला होता. अंबूबाई पाण्याला गेली तेव्हा त्यानं चंद्रीचं डावं शिंग बुडापासून टोकापर्यंत रंगवलं. काम म्हणून पाहिलं तर उत्तम होतं, कुठं ओघळ नाही, कुठं पट्टा सुटलेला नाही. डॉक्टरांनी रंगवलेल्या शिंगांपेक्षा ते जरा जास्तच चांगलं होतं. चंद्रीनं रंगवताना त्याची बंडी चाटली.

"दवा सरत आलीया. नवी घेऊन सायेब परत येतील तवा पयली तुझीच पाळी," त्यानं तिला सांगितलं. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

अर्धं गाव झालं आणि बाटल्या संपल्या. नवी औषधं यायला वेळ होता. "लाल शिंगाच्या झाल्या, काळ्या राहिल्या. पाऊस पडायच्या आत येतो," असं सांगून डॉक्टर मिरजेला गेले.

इथं खरी चूक झाली, आणि ती डॉक्टर व नाथाजी दोघांची. हुरमुंज हा बेंदराचा रंग. बेंदराला बैल धुवायचे, त्यांची शिंगं हुरमुंजानं रंगवायची, वर बेगड लावायचं. कोकणातल्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. नाथाजीला ठाऊक होतं, पण बेंदूर बैलांचा. म्हशीची शिंगं कोण रंगवत बसतो, असं त्याला वाटलं.

मिरजेच्या गिऱ्हाइकांनी त्याला चुकीचं ठरवलं. लाल शिंगाची म्हैस दारात आली की बायका विचारायच्या, "हे काय हो?" गवळणी सांगायच्या, "सरकारी दवा टोचलीया. हिला रोग न्हाई." झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतून आवाज सुरू. "आम्हाला लाल शिंगाचंच दूध पाहिजे." काळ्या शिंगांच्या म्हशी दारोदार उभ्या राहून भरल्या कासेनं परत यायला लागल्या. मग ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर आला. घरोघर हुरमुंज कालवला गेला, बैलांचं झालं, आणि वाटीत उरलेला रंग टाकून कसा द्यायचा? टाकवाडीत त्या संध्याकाळी काळं शिंग औषधाला उरलं नाही. रेडे लाल, वासरं लाल. पाटलांच्या बोकडालाही कुणीतरी हात मारला होता.

पाऊस तोंडावर आला तेव्हा केळुसकर डॉक्टर बाटल्यांची पेटी घेऊन आले. वेशीत थांबले. समोरून कळप येत होता, सगळा लालभडक.

"नाथाजी," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"बेंदूर झाला, सायेब."

डॉक्टर चावडीच्या पायरीवर बसले. पेटीतलं औषध राहिलेल्या म्हशींपुरतंच होतं, आणि पुढची गावं वाट बघत होती. बाळासो पाटील आले. गाव जमलं.

"कोणाकोणाच्या राहिल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या समद्या झाल्या," पाटील म्हणाले.

"आमची बी झाली."

"आमची तर दोनदा झाली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मावशी, तुमच्या?"

"थोरली बी झाली, धाकटी बी झाली," हरणाबाई म्हणाली. "मला बी टोचा म्हनलं व्हतं, तवा दवा सरली."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. "अहो, गेल्या साली मेल्या त्या म्हशी कुणाच्या होत्या? माझ्या होत्या का? चार दिवसांत पाऊस पडेल. मग मी काही करू शकणार नाही."

लोकांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन दिवसांचं दूध आज दिसत होतं. रोग अजून दिसत नव्हता.

डॉक्टर पेटीचं झाकण उगाच लावत नि उघडत बसले होते. ते बघून नाथाजीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस पुढचा विचार करत नाही. तेवढ्यात कळपातली एक म्हैस त्याला बघून भिंतीला घासत पळाली. जी गोष्ट महिनाभर सगळं गाव बघत होतं ती त्याला एकदम सुचली.

"सायेब," तो म्हणाला, "मानसं जाऊ द्या. म्हशींनाच इचारू."

"म्हणजे?"

"मी दोर घेऊन दारात उभा ऱ्हातो. पळंल ती टोचलेली. न पळंल ती राहिलेली."

डॉक्टर उठून उभेच राहिले. पाटलांचा चेहरा उतरला.

वरात निघाली. पुढं खांद्यावर दोर टाकून नाथाजी, मागं पेटी घेऊन डॉक्टर, त्यांच्यामागं सगळं गाव. पहिल्या दारातली म्हैस दोर बघताच खुंट्याभोवती फिरली आणि दावं तोडायला निघाली. "झालेली!" डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दारातलीनं रवंथसुद्धा थांबवला नाही. मालक खाली बघायला लागला. पाटलांच्या गोठ्यात तर तीन म्हशी ओळीनं नाथाजीकडं अशा बघत बसल्या जणू पाहुणा आलाय आणि चहा कुणी ठेवायचा याचा विचार चाललाय.

"पाटील, समद्या झाल्या म्हनलासा न्हवं?" नाथाजीनं विचारलं.

"गड्यानं सांगितलं व्हतं," पाटील म्हणाले. "गडी गेला गावाला."

हरणाबाईची थोरली नाथाजीचं पाऊल ऐकूनच आत घुसली. धाकटी दारात उभी होती, शांत. हरणाबाई तिच्या मागं जाऊन उभी राहिली. नाथाजी पुढं आला तशी धाकटी उसळली, चार पावलं धावली, थांबली आणि मान वळवून हरणाबाईकडं बघायला लागली.

"मावशी, शेपूट पिरगाळलंसा व्हय तिचं?" नाथाजी म्हणाला.

"माश्या हाकत व्हते, मुडद्या!"

गाव पोट धरून हसलं. हरणाबाईचं तोंड लाल झालं, शिंगांपेक्षा लाल. नाथाजीला मोठी मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपला दोर पाटलाचं खोटं बाहेर काढतोय, हे काही लहान नव्हतं. याच मजेत तो गल्लीच्या वळणावर आला आणि समोर त्याचं स्वतःचं दार दिसलं.

त्याचे पाय तिथंच थांबले.

"हितनं पुढचं समदं झालंय, सायेब," तो म्हणाला. "मी सोता धरल्यात. आता खालच्या आळीला जाऊ."

"चला," डॉक्टर म्हणाले.

"चला कुठं?" हरणाबाईनं कमरेवर हात ठेवले. "त्याची चंद्री हाय की. आमच्या म्हशींना इचारलंस, तिला बी इचार."

"तिला काय इचारायचं? घरचीच हाय."

"मग घरचीला चुकवून पळतोस कशापायी?"

गाव दारात जमलं. अंबूबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. चंद्री गोठ्याच्या मेढीला बांधलेली होती, डावं शिंग झकझकीत. नाथाजीनं गावाकडं पाठ केली आणि चंद्रीकडं बघून डोळे वटारले. चंद्रीनं कान हलवले. त्यानं दात विचकले. तिनं मान पुढं केली. त्यानं दोर जमिनीवर आपटला आणि पलटणीतल्या आवाजात ओरडला, "भागो! चलो, भागो!"

चंद्रीनं त्याचा हात कोपरापर्यंत चाटला. मग दोराचं टोक तोंडात घेऊन चघळायला लागली.

हरणाबाई जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"आवं," अंबूबाई म्हणाली, "मला तर टोचली म्हनलासा."

नाथाजी दोर गुंडाळत राहिला.

"मग शिंग कुनी रंगवलं?"

"मी."

"का पर?"

याचं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. पलटणीतला माणूस, लढाई बघून आलेला, म्हैस रुसेल म्हणून भ्याला, हे कसं सांगणार?

पण आता हसण्यावारी संपणार नव्हतं. पाटलांनी उपरणं झटकलं. "ऐकलं का मंडळी? धरनारा सोताची लपवतोय. म्हंजे दवेत कायतरी खोट हाय. त्याला ठावं असनार. माझ्या मी टोचनार न्हाई."

"आमी बी न्हाई," दोघंतिघं म्हणाले. माणसं मागं सरायला लागली. केळुसकर डॉक्टरांनी नाथाजीकडं पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते बघत होते.

नाथाजीला गेल्या पावसाळ्यातली ती घरघर आठवली. ती गावात ज्यानं ऐकली तो विसरला नव्हता. आणि ती चंद्रीच्या गळ्यातून आली तर हात चाटायला कोण राहणार होतं?

"पाटील, थांबा," तो म्हणाला. "दवेत खोट न्हाई. खोट माझ्यात. सायेब, सुई भरा."

"दुसरं कुणी धरील," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुम्ही बाजूला उभे राहा. म्हणजे तिला..." त्यांना बहुतेक कळलं होतं.

नाथाजीलाही क्षणभर तसंच वाटलं. त्यानं जमलेल्या माणसांचे हात पाहिले. कुणी शिंगाच्या टोकाला धरणार, कुणी गाठ मारून ठेवणार, कुणी भिऊन नाक पिरगाळणार. काम म्हणून बघितलं तर एकाचाही भरवसा नव्हता.

"न्हाई. दुसऱ्याला जमायचं न्हाई. नाक फाडतील तिचं."

दोर शिंगांच्या बुडाशी गेला. मेढीला एक फेरा. पाय रोवले. दोन बोटं आत, लागेल तितकाच जोर. या खेपेला त्यानं हिंदी वापरली नाही. "उभी ऱ्हा माझे बाई," तो म्हणाला. चंद्री हललीसुद्धा नाही. सुई बसली तेव्हा तिनं फक्त डोळा वळवून त्याच्याकडं पाहिलं. हे काम तो लढाईपासून करत आला होता, पण इतकं जड कधी लागलं नव्हतं.

दोर सुटला. चंद्री दोन पावलं मागं गेली, फिरली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"आता झालेली," हरणाबाई म्हणाली. पण हसली नाही. मग पदर खोचून तिनं पाटलांकडं बघितलं. "माझी धाकटी घ्या, सायेब. नाथा, ये रं. पर नाकात बोटं घालायच्या आधी धू ती."

हरणाबाईनं दिली म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहायला तोंड नव्हतं. दिवस मावळायच्या आत खालची आळीही झाली. पाटलांनी म्हशी दिल्या, एक रेडा तेवढा कडब्याच्या गंजीमागं दडवला.

श्रावणात नदीपलीकडच्या गावांत घटसर्प आला. टाकवाडीत एकच जनावर गेलं, पाटलांचा तो रेडा. पाटील त्यानंतर कुठल्याही टोचणीला सगळ्यांच्या आधी दारात उभे राहायचे.

चंद्रीनं मात्र नाथाजीला माफ केलं नाही. तो गोठ्यात शिरला की ती लाथा झाडायची. तो अंगणात खोकला तरी पान्हा थांबायचा. त्यानं गूळ आणला. तिनं गूळ खाल्ला आणि पाठ फिरवली. धारा अंबूबाईच काढायची, पण वैरण-पाणी, शेणघाण हे नाथाजीचं काम होतं, आणि आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवाळीच्या आधी केळुसकर डॉक्टर म्हशी बघायला गावात आले. नाथाजीच्या दारात थांबले. गोठ्यात हिरवं लुगडं गुंडाळलेली, डोक्यावरून पदर ओढलेली एक धिप्पाड बाई चंद्रीपुढं कडबा टाकत होती. चंद्री खुशीत खात होती. मध्येच मान लांबवून ती बाईचा हात चाटायची.

"बाई, नाथाजी आहेत का घरात?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईनं तोंडावर बोट ठेवलं. पदराआडून मिशा दिसल्या.

"हळू बोला, सायेब," नाथाजी कुजबुजला. "आवाजानं वळखती ती."